नगरपालिकेची निवडणूक आणि गांवची सत्ता

सत्तेचा शिक्का एकाच्या नांवाचा आणि सत्तेचा व्यवहार दुसऱ्याच्या हातीं, अशी स्थिति इतिहासांत वारंवार उत्पन्न झालेली आहे. मराठ्यांच्या इतिहासांत ती जेथें लेखी करारानें निश्चित झाली, तें ठिकाण म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. त्यांच्या मागें, ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणलेले रामराजे साताऱ्याच्या गादीवर बसले. पुढच्याच वर्षीं प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव यानें सांगोल्यास पेशव्यांविरुद्ध बंड उभारलें. तें मोडण्यासाठीं सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन तेथें गेले. आणि बंड मोडल्यावर सप्टेंबर १७५० मध्यें त्याच गांवीं जो करार झाला, त्यानें छत्रपतींचें नांव व मान कायम राहिला आणि राज्याचा कारभार पेशव्यांच्या हातीं आला. इतिहास त्यास सांगोल्याचा करार म्हणून ओळखतो.

या गोष्टीस पावणेतीनशें वर्षें झालीं. छत्रपतींची गादी गेली, पेशवाई गेली, तिच्या मागून आलेलें इंग्रजांचें राज्यही गेलें. आतां सांगोल्याच्या कारभाराचा शिक्का तेथील नागरिकांच्या हातीं आहे, आणि मतदानयंत्राची कळ दाबून दर पांच वर्षांनीं तो त्यांनीं आपल्या पसंतीच्या माणसांकडे सोंपवावा, अशी कायद्याची व्यवस्था आहे. परंतु जुना प्रश्न नव्या वेषांत तसाच उभा आहे. ज्यांच्या नांवानें गुलाल उधळला जातो, त्यांच्या हातीं गांवचा कारभार खरोखर येतो काय? येत असेल तर किती येतो? आणि उरलेला कोणाकडे राहतो? नगरपालिकेच्या निवडणुकीचा विचार करावयाचा तर या तीन प्रश्नांपासून आरंभ केला पाहिजे. कारण कोण जिंकला आणि कोण हरला, एवढ्यावरच जो थांबतो, त्याला निवडणूक दिसते, पण सत्ता दिसत नाहीं.

प्रथम गांवाची ओळख करून घेऊं. सांगोला हें माण नदीच्या खोऱ्यांतील, अवर्षणाच्या पट्ट्यांतील गांव. सह्याद्रीच्या पलीकडे कोसळणारा पाऊस येथपर्यंत येतां येतां रिता होतो. म्हणून या मुलखानें दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. ज्वारी, मेंढरें आणि खिल्लार जनावरें यांवर येथील संसार चालत. जनावरांच्या बाजाराकरितां सांगोल्याचें नांव दूरवर होतें. अलीकडच्या दोनतीन पिढ्यांत डाळिंबाच्या बागांनीं या कोरड्या भूमीचें रूप पालटलें. २८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल्वे निघाली ती याच स्थानकांतून, पश्चिम बंगालमधील शालीमारकडे. असें हें गांव आपल्या अंगणांत बाजार भरवून सगळ्या तालुक्यास पोसतें आणि तालुक्याच्या जिवावर आपण जगतें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ३४ हजार आणि तालुक्याची सव्वातीन लाखांच्या घरांत होती. म्हणजे तालुक्याच्या दर नऊदहा माणसांत एक माणूस शहरांतला. हें प्रमाण ध्यानांत ठेवावें. पुढील विवेचनांत त्याचें काम पडणार आहे.

अशा गांवीं नगरपालिका म्हणजे काय, हें पुस्तकांत पाहण्यापेक्षां एखाद्या घराच्या उंबरठ्यावरून पाहावें. सकाळीं नळास पाणी आलें कीं नाहीं, दारासमोरचें गटार वाहतें कीं तुंबतें, रात्रीं गल्लींत दिवा आहे कीं नाहीं, मूल जन्मलें त्याचा दाखला, म्हातारा गेला त्याची नोंद, घर बांधावयाची परवानगी, भाजी विकावयास बसण्याची जागा, आणि शेवटीं स्मशानांतील शेड. जन्मापासून मरणापर्यंत मनुष्याचा ज्या सरकाराशीं रोज संबंध येतो, तें सरकार दिल्लींत नसतें आणि मुंबईंतही नसतें. तें पायीं जाण्याच्या अंतरावर असतें. विधानसभेचा कायदा न वाचतां आयुष्य जातें. परंतु नळपट्टीची पावती प्रत्येक घरांत जपून ठेवलेली असते.

ही संस्था नवी नाहीं. १८५० च्या २६ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील गांवांस आपली नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली आणि पुढील काळांत ठिकठिकाणीं अशा संस्था उभ्या राहिल्या. सांगोल्याची नगरपालिकाही त्या एकोणिसाव्या शतकांतीलच. त्या वेळच्या नगरपालिकेंत सभासद सरकारनें नेमावयाचे, अध्यक्ष सरकारी अधिकारी, आणि रयतेनें कर द्यावयाचा, असा बहुतेक ठिकाणीं प्रकार होता. लॉर्ड रिपन यांनीं १८ मे १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचें तत्त्व मांडलें, तें प्रामुख्यानें कारभाराच्या सोयीसाठीं नव्हे, तर लोकांस राजकीय शिक्षण मिळावें म्हणून. त्याला अनुसरून १८८४ सालीं आणि पुढें १९०१ सालीं मुंबई इलाख्यांत नवे कायदे झाले आणि निवडून आलेल्या सभासदांची संख्या हळूहळू वाढत गेली. तथापि मत देण्याचा हक्क घरदार व उत्पन्न असणाऱ्यांपुरताच राहिला. ज्याच्या वस्तींत गटार नव्हतें, त्याला गटाराविषयीं मतही नव्हतें.

तरीसुद्धां त्या अपुऱ्या संस्थांनीं या देशास कांहीं धडे दिले. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत पुण्याच्या नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं नगरपालिकेच्या तिजोरींतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हां त्यास विरोध करणारे सभासद ते एकटेच निघाले. प्रस्ताव संमत झाला. परंतु रयतेच्या पैशाचा हिशेब विचारणारा सभागृहांत एक जरी असला तरी त्याचें मोल काय असतें, हें त्या दिवशीं दिसून आलें. दुसरा धडा सांगोल्याच्याच जिल्ह्यांतला. १९३० च्या एप्रिल महिन्यांत सोलापूरच्या नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. पुढच्याच महिन्यांत शहरांत लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ध्वज उतरविण्यांत आला. लोकांनीं निवडलेल्या सभेची इच्छा एका बाजूस आणि सरकारचें सामर्थ्य दुसऱ्या बाजूस, असा उघड सामना सोलापुरानें तेव्हां पाहिला. आज लष्करी कायदा नाहीं. परंतु नगरपालिकेची इच्छा आणि तिच्यावरच्या सरकारचें सामर्थ्य यांतील अंतर पुरतेपणीं मिटलें आहे, असेंही म्हणतां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ सालीं नगरपालिकांसाठीं सर्व राज्यास लागू असा एकच कायदा झाला. त्यांत वस्तीप्रमाणें तीन वर्ग केलेले आहेत; ४० हजारांहून कमी वस्तीच्या नगरपालिका ‘क’ वर्गांत मोडतात. पुढें घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, म्हणजे १ जून १९९३ पासून, या संस्थांस घटनेचाच आधार लाभला. मुदत पांच वर्षांची, निवडणूक घेण्याचें काम स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे, आणि स्त्रियांस किमान एकतृतीयांश जागा, अशा तीन गोष्टी त्या दुरुस्तीनें पक्क्या केल्या. २०११ पासून महाराष्ट्रांत स्त्रियांच्या जागा निम्म्या झाल्या. ज्या सभागृहांत पूर्वीं स्त्रीचें पाऊल क्वचितच पडत असे, तेथें आतां दर दोन जागांपैकीं एक तिची आहे. पाण्याच्या हंड्याचें ओझें जिच्या डोक्यावर, तिलाच पाण्याच्या योजनेवर मत देण्याचा अधिकार मिळावा, हा या व्यवस्थेंतला न्याय आहे.

आतां सांगोल्याच्या राजकारणाकडे वळूं. या तालुक्याचें नांव राज्यांत गाजलें तें गणपतराव देशमुख यांच्यामुळें. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते १९६२ सालीं प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि त्यानंतर, दोन पराभव वगळतां, २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळां याच मतदारसंघाचे आमदार झाले. मोठमोठ्या लाटा आल्या आणि गेल्या. राज्यांतील इतर भागांत त्यांचा पक्ष ओसरत गेला. पण सांगोल्यांत तो टिकून राहिला. रोजगार हमी, पाण्याच्या योजना, सूत गिरणी यांसारख्या कामांतून त्यांनीं खेड्यापाड्यांशीं जें नातें जोडलें, तें पक्षाच्या चिन्हाहून अधिक घट्ट होतें. ३० जुलै २०२१ रोजीं ते निवर्तले.

परंतु त्यांच्या विजयांपेक्षां त्यांचे पराभव या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहेत. १९७२ सालीं ते पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकींत पुन्हां निवडून आले. १९९५ सालीं शहाजीबापू पाटील यांनीं त्यांचा पराभव केला तो अवघ्या १९२ मतांनीं. २०१९ सालीं गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. तेव्हां पुन्हां शहाजीबापू पाटीलच विजयी झाले, तेही केवळ ७६८ मतांनीं. २०२४ सालीं गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनीं पंचवीस हजारांहून अधिक मतांनीं ती जागा परत घेतली. आतां आरंभीं सांगितलेलें प्रमाण पाहावें. शहरांत तालुक्याचा दहावा हिस्सा लोक राहतात. म्हणून केवळ संख्येनें पाहिलें तर आमदार ठरविणें हें खेड्यांचें काम. पण जेथें निकाल १९२ किंवा ७६८ मतांवर लागतो, तेथें शहरांतील एका प्रभागाचे मतदारही त्याहून अधिक भरतात. अशा मतदारसंघांत शहराची नगरपालिका ज्याच्याकडे, त्याच्याकडे तराजूचें पारडें किंचित् झुकविण्याचें साधन असतें. तालुक्याचे मोठे पुढारी गटाराच्या आणि दिव्यांच्या निवडणुकींत इतकें लक्ष कां घालतात, याचें एक कारण हें आहे.

दुसरें कारण कार्यकर्त्यांचें आहे. विधानसभेची जागा एक. तीवर एकच माणूस बसूं शकतो. ज्यांनीं वर्षानुवर्षें सतरंज्या उचलल्या, घोषणा दिल्या, रात्रीं जागून याद्या तपासल्या, त्यांना द्यावयास पुढाऱ्यापाशीं काय असतें? नगरपालिकेंत वीसपंचवीस जागा, उपाध्यक्षपद, विषय समित्यांचीं सभापतिपदें, शिवाय स्वीकृत सभासदांच्या जागा, एवढें सारें वांटावयाचें असतें. पक्षाची फौज येथेंच उभी राहते आणि येथेंच फुटते. एखाद्या नाराज माणसास उमेदवारी नाकारली कीं त्याच्या मागें एक आळी जाते, आणि तीनचार वर्षांनीं विधानसभेच्या वेळीं ती आळी परत येतेच असें नाहीं. म्हणून नगरपालिकेच्या निवडणुकींत राज्याच्या पातळीवरची मैत्री पुष्कळदां टिकत नाहीं. तेथें पक्षाचें नांव मागें पडतें आणि भाऊबंदकी, आळी, जात, बाजारपेठेंतील देणेंघेणें आणि जुनी वैरें पुढें येतात.

तिसरें कारण पैशाचें आहे. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, व्यापारी गाळे हीं सारीं कामें ठेक्यानें होतात. ठेका कोणास द्यावयाचा हें निविदेनें ठरतें. परंतु निविदा केव्हां काढावयाची, कोणतें काम आधीं आणि कोणतें मागाहून, हें सत्ता ठरविते. कोणत्या गल्लींत डांबर पडलें आणि कोणत्या गल्लींत खडीच राहिली, यावरून मागच्या निवडणुकींत कोणत्या प्रभागानें कोणास मतें दिलीं हें पुष्कळ गांवीं सांगतां येतें. हा दोष एका पक्षाचा नाहीं. सत्तेजवळ गेलेल्या प्रत्येकास तो जडण्याचें भय आहे.

इतकें असूनही नगरपालिका हातीं आली म्हणजे गांव हातीं आलें, असें मानणें भोळेपणाचें होईल. पहिली अडचण नगराध्यक्षाच्या निवडीची. या पदाची निवड कशी व्हावी, याविषयीं राज्यकर्त्यांचा विचार वारंवार बदलत आला. २००१ सालीं लोकांनीं नगराध्यक्ष थेट निवडला. २००६ सालीं तो अधिकार परत नगरसेवकांकडे गेला. २०१६ सालीं पुन्हां लोकांकडे आला. २०२० सालीं सरकार बदलल्यावर पुन्हां नगरसेवकांकडे गेला. आणि २०२२ सालीं, सरकार पुन्हां पालटतांच, तो लोकांकडे आला. प्रत्येक वेळीं लोकशाहीच्या हिताचीं कारणें सांगण्यांत आलीं. परंतु दोन दशकांत नियम इतक्या वेळां फिरला, यावरूनच त्यामागें तत्त्वापेक्षां सोय अधिक होती, हें उघड होतें.

दोन्ही पद्धतींत गुणही आहेत आणि दोषही आहेत. नगरसेवकांनीं अध्यक्ष निवडावयाचा असला म्हणजे सभागृहांतील बहुमत आणि अध्यक्ष एका बाजूचे राहतात व काम अडत नाहीं. पण तेथें दोनचार माणसें इकडचीं तिकडे केलीं कीं सत्ता पालटते. मग निवडीच्या आधींच्या आठवड्यांत निवडून आलेलीं माणसें सहलीस जातात, त्यांचे फोन बंद पडतात, आणि मतदान होईपर्यंत तीं गांवांत दिसत नाहींत. पक्षांतर करणाऱ्यास अपात्र ठरविण्याचा कायदा स्थानिक संस्थांसाठीं १९८६ सालींच झाला. तरी आघाड्या, गट आणि त्यांच्या नोंदणीच्या वाटा असल्यामुळें तो धाक सर्वत्र पुरा पडला नाहीं. उलट, अध्यक्ष लोकांनीं थेट निवडला म्हणजे चारदोन माणसें विकत घेऊन त्याला खालीं ओढतां येत नाहीं. पण मतदारानें अध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवक दुसऱ्या पक्षाचे निवडले तर काय? अध्यक्षापाशीं पद आणि सभागृहापाशीं बहुमत. अध्यक्षानें विषय मांडावा आणि सभेनें तो फेटाळावा. सभेनें मागणी करावी आणि अध्यक्षानें ती विषयपत्रिकेवर घेऊं नये. असें पांच वर्षें चाललें तर दोघेही एकमेकांस दोष देऊन सुटतात आणि मतदार कोणासही जाब विचारूं शकत नाहीं.

दुसरी अडचण अधिकाऱ्याची. नगरपालिकेचा मुख्याधिकारी राज्य सरकार नेमतें आणि त्याची बदलीही तेंच करतें. ठराव सभेनें करावयाचा, पण तो अंमलांत आणावयाचा मुख्याधिकाऱ्यानें. धनादेशावर सही, बांधकामाची परवानगी, अतिक्रमणाची नोटीस हें सारें त्याच्या हातून होतें. चांगला मुख्याधिकारी हा गांवच्या भाग्याचा भाग असतो. तो स्थानिक दडपणांपासून कायद्याचें रक्षण करतो. पण त्याच्या बदलीची दोरी ज्याच्या हातीं, त्याच्याकडे त्याचें लक्ष असणारच. ती दोरी गांवांत नसते. याखेरीज १९६५ च्या कायद्याच्या ३०८ व्या कलमान्वयें नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. गांवच्या अल्पमताचें संरक्षण म्हणून तो उपयोगी पडतो. परंतु पराभूत पक्ष वरच्या सरकारांत असेल तर तेंच कलम विजयी पक्षाच्या पायांतील बेडीही होऊं शकतें.

तिसरी अडचण तिजोरीची, आणि तीच सर्वांत मोठी. जकात ही नगरपालिकांच्या उत्पन्नाची जुनी बाब होती. बाजारपेठ असलेल्या गांवास ती विशेष लाभत असे. वेशीवर माल आला कीं नाक्यावर पैसा जमे आणि तो गांवचा गांवांतच राही. जकातीनें व्यापारास त्रास होई, वाहनें खोळंबत, लांचलुचपत बोकाळे, हें सारें खरें. म्हणून १९९९ सालीं नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागीं सरकारी सहायक अनुदान आलें. व्यापाऱ्यांची कटकट सरली. पण त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडली. पूर्वीं नगरपालिकेचें उत्पन्न स्वतःच्या वेशीवर होतें. तें आतां मुंबईहून येऊं लागलें. घरपट्टी आणि नळपट्टी एवढ्यावर पाण्याची मोठी योजना किंवा भुयारी गटार होत नाहीं. त्यासाठीं राज्य सरकारची मंजुरी पाहिजे, निधि पाहिजे, आणि त्यामागें लागणारा कोणी पाहिजे. तेथें आमदार येतो, पालकमंत्री येतो, खातें सांभाळणारा मंत्री येतो. मग निवडणुकीच्या सभेंत मतदारास सांगितलें जातें कीं, वर ज्यांचें सरकार त्यांनाच खालीं निवडा. नाहीं तर निधि मिळणार नाहीं.

हें वाक्य महाराष्ट्रांतील गांवोगांवीं इतक्या वेळां ऐकूं येतें कीं त्यांतील अपमान कोणास जाणवेनासा झाला आहे. सरकारी निधि म्हणजे एखाद्या पक्षाचा दानधर्म नव्हे. डाळिंबाच्या पेटीवर, कापडाच्या वारावर, इंधनाच्या लिटरवर सांगोल्याच्या माणसानें जो कर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दिला, त्यांतूनच तो परत येतो. जो आपलाच पैसा आपणांस परत देतांना मताची किंमत मागतो, त्याचा हिशेब नागरिकानें विचारला पाहिजे. वित्त आयोग, ठरलेलीं सूत्रें, वस्तीप्रमाणें वांटप, हीं साधनें याचसाठीं निर्माण झालीं कीं गांवानें कोणास मत दिलें यावर गांवचें पाणी अवलंबून राहूं नये.

निवडणूक नसली म्हणजे काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्रानें नुकताच घेतला. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपूं लागली. त्याच वर्षीं, ४ मार्च २०२१ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें इतर मागासवर्गांच्या स्थानिक संस्थांतील आरक्षणाविषयीं निर्णय दिला आणि हें आरक्षण ठेवावयाचें तर त्यासाठीं तीन कसोट्या पुऱ्या केल्या पाहिजेत असें सांगितलें. त्यांपैकीं मुख्य कसोटी म्हणजे खास आयोगाकडून मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करणें. सरकारनें बांठिया आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२२ सालीं आला. तोंवर प्रभागांची रचना, सभासदांची संख्या, आरक्षणाची सोडत, सरकारांची अदलाबदल आणि न्यायालयांतील अर्ज यांचा असा गुंता झाला कीं निवडणुका पुढें पुढें ढकलल्या गेल्या. वस्तुतः मुदत संपण्यापूर्वींच निवडणूक घेणें हें घटनेनें घातलेलें बंधन आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालींच स्पष्ट केलें होतें. तरीही राज्यांतील शेंकडों गांवांचा कारभार जवळजवळ चार वर्षें प्रशासकांकडे राहिला. कोठें प्रांताधिकारी, कोठें स्वतः मुख्याधिकारीच प्रशासक झाले.

या काळांत गांवें बंद पडलीं नाहींत, हें खरें. कांहीं ठिकाणीं कामें झपाट्यानें झालीं, असेंही लोक सांगतात. पण सभा होत नव्हत्या. ठराव करणारा आणि तो अंमलांत आणणारा एकच होता. प्रभागांतल्या बाईनें, पाणी कां आलें नाहीं, असें ज्याच्या दारांत जाऊन विचारावें, असा नगरसेवक उरला नव्हता. अंदाजपत्रक मंजूर होई, पण त्यावर प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. आरक्षण हा सामाजिक न्यायाचा प्रश्न होता आणि त्याचा निकाल लागणें आवश्यक होतें. परंतु एका न्यायाची वाट पाहतां पाहतां दुसरा हक्क चार वर्षें स्थगित राहिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें इतर मागासवर्गांचें आरक्षण पूर्वींच्या स्थितीप्रमाणें ठेवून चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मुदत पुन्हां वाढली. आणि २ डिसेंबर २०२५ रोजीं राज्यांतील बहुतेक नगरपालिका व नगरपंचायती यांसाठीं मतदान झालें. कांहीं गांवीं व कांहीं प्रभागांत तें २० डिसेंबरपर्यंत लांबलें, आणि न्यायालयाच्या आदेशानें सर्वांची मोजणी २१ डिसेंबर रोजीं एकदम झाली. राज्याच्या मंत्रिमंडळांत शेजारीं बसणारे पक्ष अनेक गांवीं समोरासमोर उभे राहिले. सांगोलाही त्यास अपवाद नव्हता. वर मैत्री आणि खालीं सामना, हें दृश्य पाहून कित्येकांनीं त्यास ढोंग म्हटलें. परंतु गांवची सत्ता मुंबईच्या करारानें वांटून घेतां येत नाहीं, असाही त्याचा एक अर्थ आहे. गांवचा प्रश्न गांवांतच सोडवावा लागतो, हें पक्षांनीं इच्छेनें नव्हे तर नाइलाजानें कां होईना, मान्य केलें.

मग नगरपालिकेच्या निवडणुकीचा गांवच्या सत्तेवर परिणाम होतो तो कोणता? पहिला परिणाम असा कीं, तालुक्याच्या राजकारणांत नवीं माणसें येथून उभीं राहतात. विधानसभेची जागा दोनचार घराण्यांभोंवतीं फिरत राहिली, तरी नगरपालिकेंत ज्याचें आडनांव मोठें नाहीं त्याचाही शिरकाव होतो. दुसरा परिणाम असा कीं, आमदार व नगरपालिका वेगवेगळ्या बाजूंचे असले म्हणजे दोघांवरही थोडाबहुत वचक राहतो. एकाच घरीं साऱ्या किल्ल्या असल्या म्हणजे काम लवकर होतें असें म्हणतात. पण चोरी झाली तर विचारावें कोणास, हा प्रश्न त्या वेळीं पडतो. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. निवडणुकीनें नागरिकास पांच वर्षें प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो. हा अधिकार तो वापरतो कीं नाहीं, यावर बाकीचें सारें अवलंबून आहे.

सुशिक्षित कुटुंबांत नगरपालिकेविषयीं एक प्रकारची तुच्छता आढळते. लोकसभेच्या निवडणुकीवर रात्रभर वाद घालणारे गृहस्थ आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हें पुष्कळदां सांगूं शकत नाहींत. राजकारण घाणेरडें, म्हणून आपण दूर राहावें, असें त्यांचें मत असतें. पण घाण काढणें हेंच तर नगरपालिकेचें काम आहे. त्यापासून दूर राहून घर स्वच्छ राहत नाहीं. अशा गृहस्थानें फार मोठें कांहीं करावयाचें नाहीं. वर्षांतून एकदां नगरपालिकेचें अंदाजपत्रक मागून वाचावें. मागल्या वर्षीं आपल्या रस्त्यासाठीं किती रक्कम धरली होती आणि तिचें काय झालें, तें विचारावें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें तें सहज साध्य झालें आहे. घरपट्टीची नवी आकारणी लागते तेव्हां स्वतःच्या घरापुरती हरकत घेऊन थांबूं नये. सगळ्या आळीची यादी पाहावी आणि कोणाची आकारणी कोणत्या कारणानें कमी झाली तें तपासावें. सभा भरते त्या दिवशीं तेथें काय ठरलें, तें आपल्या नगरसेवकास विचारावें. आणि उमेदवार दारीं आला म्हणजे, वरून निधि कोण आणील, एवढेंच न विचारतां, आलेल्या निधीचा हिशेब कोठें लावाल, असें विचारावें.

ज्या गांवीं हे प्रश्न विचारले जातात, त्या गांवीं कोणताही पक्ष निवडून येवो, सत्तेचा कांहीं अंश लोकांपाशीं राहतो. ज्या गांवीं ते विचारले जात नाहींत, तेथें शिक्का मतदाराच्या नांवाचा राहतो आणि कारभार दुसराच कोणी करतो. १७५० सालीं सांगोल्याच्या कराराच्या वेळीं रयतेस कोणी विचारलें नव्हतें. आज तिला विचारलें जातें, हा त्या काळांतला आणि या काळांतला भेद आहे. तिनें दर पांच वर्षांनीं एक दिवस उत्तर द्यावें आणि उरलेले दिवस आपण प्रश्न विचारावेत, एवढीच स्थानिक स्वराज्याची मागणी आहे.